भिंतीवरचे ठिपके किती?

कीर्तनकाराच्या पाठीमागची भिंत कशी असावी, या विषयावर आजवर कुणी ग्रंथ लिहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. लिहायला हवा. माणूस कीर्तनाला बसतो तेव्हा त्याचे कान महाराजांकडे असतात हे खरं, पण डोळे कुठंतरी टेकवावे लागतात. महाराज तर एका जागी ठरत नाहीत. ते पुढं येतात, मागं सरतात, टाळकऱ्यांकडे वळतात, गिरकी घेतात. जागेवर राहते ती भिंत. कीर्तनाचं निम्मं ओझं भिंतच उचलते असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि जन्मभर कीर्तनं ऐकलेल्या माणसाच्या मताला काही किंमत असावी.

तर आमच्या नांदेडच्या श्रीहरी कॉलनीत नवीन सभामंडप झाला. वर पत्रे, तीन बाजू मोकळ्या आणि व्यासपीठामागं ही एवढी मोठी कोरी भिंत. येत्या एकादशीला मंडपातलं पहिलं कीर्तन ठरलं होतं, आणि तेही देवणीच्या सुदर्शन महाराजांचं. ज्यांनी त्यांना ऐकलेलं नाही त्यांना मी काय सांगू? महाराजांनी नुसतं 'हरी' म्हटलं तरी मागच्या रांगेतल्या माणसाची तंबाखू हातात तशीच राहते.

भिंतीचं काय करायचं यावर समितीची बैठक बसली. सचिव वीरण्णा मूळचे देगलूरकडचे, आडतीचं दुकान. त्यांचं म्हणणं साधं होतं. "फ्लेक्स लावू. मधी पांडुरंग, आजूबाजूला आपण पदाधिकारी."

"पांडुरंग केवढा आन आपण केवढे?" अध्यक्ष भगवानरावांनी विचारलं.

"सारखेच. भेदभाव नको."

मला राहवलं नाही. आमची सून पुनम लातूरकडची, चित्रकलेचा डिप्लोमा झालेली. लग्नाला वर्ष होत आलं, पण तिची चित्रं अजून पलंगाखाली जुन्या साडीत गुंडाळलेली होती, कारण आमच्या घराच्या भिंती कॅलेंडरं, घड्याळ आणि माझ्या वडिलांचा फोटो यांनी आधीच व्यापल्या होत्या. पोरीनं कधी तोंडानं काही म्हटलं नाही. पण कोरी भिंत दिसली की ती तिच्याकडे भूक लागल्यासारखी बघायची, हे मी पाहिलं होतं. मी उठलो आणि म्हणालो, "भिंत आमची पुनम रंगवील."

ठराव पास झाला. ती काय रंगवणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पांडुरंगच रंगवणार! दुसरं काय असतं रंगवण्यासारखं?

पुनमनं भिंतीसमोर ताडपत्री बांधली आणि आत कामाला लागली. मी बाहेरून चहा द्यायचो, आतून रिकामा कप यायचा. गेरूचा, काजळीचा, ओल्या मातीचा वास यायचा. कधी कधी आत ती गुणगुणायची. घरात मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. मी बाहेर खुर्ची टाकून राखण करत बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मूर्तीचे डोळे चालू आहेत' असं दबक्या आवाजात सांगायचो.

ताडपत्री निघाली त्या दिवशी सगळी कॉलनी जमली होती. भगवानरावांनी नारळ फोडला, ताडपत्री खाली आली आणि टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच हवेत राहिले.

भिंतीवर ठिपके होते.

डब्याच्या झाकणाएवढे ठिपके. गेरूचे, काळे, काही गोपीचंदनाच्या रंगाचे. वरच्या रांगा सरळ, खाली येता येता डुलायला लागलेल्या. काही ठिपके ठसठशीत, काही पुसट, एके ठिकाणी दोन एकमेकांत शिरलेले. उजव्या कोपऱ्यात एक सगळ्यांपासून लांब, एकटाच. बस्स.

भगवानरावांनी बराच वेळ बघून विचारलं, "पुनमबाई, अजून किती दिवस काम हाय?"

"झालं काका."

"झालं म्हंजे... हे झालं?"

"हाव."

माझी बायको सिंधु मोठ्यानं म्हणाली, "लई झकास!" आणि माझ्या कानाशी येऊन, "अवो, देव कुठंय ह्याच्यात?" मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. देव कुठं आहे हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटला नाही, तो माझ्या बायकोला त्याच क्षणी सोडवून हवा होता.

पुनमनं समजावून सांगितलं. शांतपणे, हात पुसत, माझ्याकडे मान करून. "मामा जप करतात ना, एक नाव, एक मणी. तसंच केलं मी. एक नाव घ्यायचं आन एक ठिपका टेकवायचा. चित्रात काही दाखवायचं न्हाई. मोजणं हेच चित्र."

मला एकदम भरून आलं. किती सुंदर बोलली पोरगी! एवढ्यावर लोक घरी गेले असते तर ही कथा इथंच संपली असती. पण समोरच्या घरातल्या विठाबाई पुढं झाल्या. विठाबाईंचं वय झालंय, पण नजर अशी की रस्त्यापलीकडून आमच्या वरणात फोडणी कमी पडलेली दिसते.

"म्हंजे माळच हाय म्हण की. मग मणी किती हायत गं?"

"मोजले न्हाईत आजी."

"मोजले न्हाईत?" विठाबाईंनी कपाळाला हात लावला. "मोजणं हेच चित्र म्हणती, आन मोजले न्हाईत!"

आणि त्यांनी बोट उचललं. मला तिथंच धोका दिसायला हवा होता. एक माणूस काहीतरी मोजायला लागला की शेजारच्याला गप्प राहवत नाही. बघता बघता सगळी कॉलनी मान वर करून ओठ हलवू लागली. विठाबाईंचे भरले एकशेसात. "एक कमी हाय!" त्या ओरडल्या. "माळंत एक मणी कमी! अशुभ!"

"एकशेनऊ हायत," वीरण्णा म्हणाले.

"तुम्ही एक दोनदा मोजला, आन जोडठिपका दोन धरला."

"मग? दोनच हाय तो."

"एकमेकांत गेल्यावर दोन कसे राहतील? एक!"

वाचकहो, जीव आणि शिव एक की दोन, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. आमच्या कॉलनीत तो एका दुपारी झाला. संध्याकाळपर्यंत पूर्वेकडची आळी अद्वैती आणि दळणाच्या गिरणीकडची आळी द्वैती झालेली होती, आणि दोन्हीकडच्या बायका एकमेकींना विरजण देईनाशा झाल्या.

पुसट ठिपक्यांचा प्रश्न वेगळाच. ते धरायचे की नाही? 'पुसट म्हंजे नाम घेताना मन ठिकाणावर नव्हतं, ते देवाकडं जमा होत न्हाई,' असं विठाबाईंचं मत पडलं. यावर माझ्या स्वतःच्या जपाचा हिशेब करून मी गप्प बसलो.

मग अर्थ लावणं सुरू झालं. पाचांची रांग म्हणजे पंचप्राण. नवांची म्हणजे नवविधा भक्ती. इथपर्यंत ठीक होतं, मलाही आनंद वाटला. पण सहांची रांग सापडली तेव्हा भगवानराव चमकले. "म्हंजे षड्रिपू? काम, क्रोध, सगळे महाराजांच्या डोक्यावर बसवले की हो तुमच्या सुनंनं!" त्याहून वाईट म्हणजे एका रांगेत अकरा ठिपके निघाले. समितीत आम्ही अकराच. त्यातला एक ठिपका चांगलाच काळा होता. बैठकीत अर्धा तास प्रत्येक जण मनातल्या मनात डावीकडून आणि उजवीकडून स्वतःचा नंबर लावून बघत होता. शेवटी वीरण्णा मला म्हणाले, "अण्णाराव, एवढंच सांगा, मोजायला सुरुवात कुठल्या बाजूनं करायची?"

कोपऱ्यातला एकटा ठिपका भगवानरावांनी स्वतःहून घेतला. मागच्या दिवाळीपासून त्यांचा भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हता. "हे घरातलं भिंतीवर काढायचं कारण न्हवतं," एवढंच ते मला म्हणाले. मी किती समजावलं. पण तीन दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत, आणि त्यामुळे ठिपक्याला आणखी बळकटी आली.

याच सुमारास मंडपात काही अनोळखी भाविक येऊ लागले. चपला बाहेर काढून, हात जोडून ते भिंतीसमोर उभे राहायचे, मग बिडीच्या पाकिटावर काहीतरी टिपून लगबगीनं निघून जायचे. चित्रानं लोकांना भक्तीला लावलं म्हणून मी दोघांना चहासुद्धा पाजला. ते मटक्याचा आकडा लावणारे होते हे मला सिंधुनं सांगितलं. तिला ते कसं कळलं, हे मी विचारलं नाही. तिचा भाऊ जळकोटला असतो, आणि त्या विषयावर आम्ही बोलत नाही.

यानंतर सरकार आलं.

मंडप मोकळा, त्यामुळं भिंत रस्त्यावरून स्वच्छ दिसते. वॉर्ड ऑफिसातले शिवप्रसाद नावाचे साहेब स्कूटरवरून जाताना थांबले, आत आले आणि लाल ठिपक्यांकडे बघून त्यांचा चेहरा गंभीर झाला. आमच्याकडे भिंतीवर लाल खूण आली की तिचा एकच अर्थ, भिंत रस्तारुंदीत गेली.

"ह्या खुणा कुणी केल्या?" त्यांनी विचारलं.

"आमच्या सुनंनं."

"ती कोणत्या खात्यात हाय?"

मी अमूर्त चित्रकला म्हणजे काय, ते मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस सज्जन होता, पण कागदाचा होता. "मला पटतंय हो. पण उद्या मोजणीवाले आले आन त्यांना वाटलं की आपल्याच खुणा हायत, तर? एक अर्ज द्या, की सदर ठिपके शासकीय नाहीत. आन ठिपके किती ते लिहा त्यात."

"अंदाजे लिहिलं तर?"

"अंदाजे कसं चालंल? उद्या एखादा वाढला तर?"

झालं. आता आकडा लागणारच होता. आणि ही जबाबदारी समितीनं एकमतानं माझ्यावर टाकली, कारण माझी सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली. पशुगणना म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही. हदगावच्या बाजारात मी बिथरलेली जनावरं मोजलेली आहेत. लाल कंधारी, देवणी, दोन्ही जातींची, नुसती शिंगं बघून. जनावर हलतं, पळतं, दुसऱ्याच्या आड जातं, लाथ मारतं. ठिपका काय करणार बिचारा? मी सगळ्यांच्या देखत छाती काढून मोजायला उभा राहिलो.

पहिल्यांदा एकशेसहा आले. मी चष्मा पुसला. मग एकशेअकरा. लोक हसायला लागले. "अण्णाराव, मधी वासरं झाली का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. ज्या माणसाच्या आकड्यांवर जिल्ह्यातली लसटोचणी ठरायची, त्याच्या इज्जतीचा हा असा बाजार!

तेव्हा मी खात्यातली जुनी युक्ती काढली. मोजलेल्या जनावराच्या शिंगाला आम्ही रंग लावतो, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. मी खडू घेतला आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी एक छोटी रेघ मारत गेलो. शिडीवर चढून अर्ध्या भिंतीपर्यंत आलो असेन, तेवढ्यात पुनम आली. मला वाटलं ही आता रडते. ती मान वाकडी करून बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या रेघांनी बरं दिसून राहिलं. राहू द्या त्या."

पण वीरण्णांनी त्या रेघाही मोजल्या आणि त्यांचा आकडा दीडशेच्या वर गेला. त्या रात्री समितीनं ठराव केला: भिंतीला पांढरा डिस्टेंपर द्यायचा, वर फ्लेक्स लावायचा. पण रंगारी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीच मोकळा होता. तोवर कीर्तनापुरता भिंतीवर पडदा. डिस्टेंपरची बादली व्यासपीठाखाली आणून ठेवलीसुद्धा.

हे घरी सांगायची पाळी माझ्यावर आली. मी बराच वेळ हवापाण्यावर बोललो. पुनमनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "पुसणार ना मामा?"

"म्हंजे... तसं... एक हात डिस्टेंपर..."

"असू द्या."

एवढंच म्हणाली. पण जेवणं झाल्यावर तिनं ब्रशांचा डबा फडक्यात बांधला आणि पलंगाखाली सारला. तो सरकवल्याचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. व्यंकट, म्हणजे आमचा मुलगा, मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. त्यानंही मान वर केली. सिंधु माझ्याकडे बघत होती. त्या भिंतीच्या निमित्तानं पोरगी आमच्या घरात खऱ्या अर्थानं आली होती, आणि आता आम्हीच तिला पुन्हा पाहुणी करत होतो. मी पांडुरंगाला म्हणालो, बाबा रे, आता तूच बघ. मला तर साधं मोजताही येत नाही.

एकादशीची संध्याकाळ आली. मंडप भरला. सुदर्शन महाराज आले, उपरणं सावरत उभे राहिले. टाळकरी रांगेत लागले. मृदंगावर थाप पडली आणि मृदंगवाले बुवा तोंड वाकडं करून म्हणाले, "मागचा पडदा आवाज खाऊन राहिला. काढा तो."

भगवानराव म्हणाले, "राहू द्या की बुवा."

"मग मृदंग तुम्ही वाजवा."

पडदा निघाला. महाराजांची भिंतीकडे पाठ होती, गिरकी घेताना डोळे मिटलेले, त्यामुळे त्यांनी काही पाहिलं नाही. त्यांनी नाममहिम्याचा अभंग घेतला आणि निरूपणाला सुरुवात केली. काय वाणी! मी डोळे मिटून घेतले. मग एकदा उघडले, ते नेमके तिसऱ्या रांगेवर गेले. सात, आठ, नऊ... मी स्वतःला चिमटा काढला आणि आजूबाजूला पाहिलं.

सगळी सभा मोजत होती.

विठाबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. द्वैती मोजत होते, अद्वैती मोजत होते. खांबाला टेकून वॉर्ड ऑफिसातले शिवप्रसाद साहेब बसले होते, तेही ओठ हलवत होते. कुणाचा मोबाईल वाजला नाही, कुणी उठलं नाही, पोरं घेऊन बसलेल्या बाया बोलल्या नाहीत. चुळबूळ केली की आकडा चुकतो. शेकडो डोळे महाराजांच्या डोक्यावर एकटक लागलेले, ओठ पुटपुटणारे आणि अंगठे पेरांवरून सरकणारे.

महाराज बोलता बोलता थांबले. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"माउलीहो, कीर्तनात झोपणारी माणसं म्या पायली. मोबाईल बघणारी पायली. पण मी नामाचा महिमा सांगून राहिलो, आन अख्खी सभा वर नजर लावून, तोंडानं नाम घेत, बोटावर मोजून राहिली? हे म्या जन्मात पायलं न्हाई!"

वीरण्णा नेमके त्या वेळी शेवटच्या रांगेत पोचले होते. महाराजांच्या बोलण्यानं दचकून त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "एकशेतीन!"

"धन्य!" महाराजांनी दोन्ही हात जोडले. "एकशेतीन झाले बाबांचे! थांबू नका बाबा, पाच राहिले!"

वीरण्णांनी खाली मान घालून डोळे मिटले आणि खरोखरच पाच वेळा 'हरी हरी' म्हटलं. वीरण्णांना मी ओळखतो. तो त्यांचा त्या वर्षातला पहिला जप असावा.

महाराजांनी तिथंच जाहीर केलं, की ज्या जागेत असं घडतं त्या जागेची वीटसुद्धा हलवू नका, ही जागा आहे तशी ठेवा, पुढच्या वर्षीचं कीर्तन मी स्वतः मागून घेणार. भगवानरावांनी उभं राहून, डोळे पुसत, 'जागा आहे तशीच राहील' असा शब्द दिला. पायानं त्यांनी डिस्टेंपरची बादली व्यासपीठाखाली आणखी आत ढकलली.

मी मात्र फराळाची साबुदाण्याची खिचडी तशीच बाजूला ठेवली. चित्र वाचलं, पण महाराजांची फसवणूक झाली होती, आणि माझ्या दैवताला फसवून मी झोपणार कसा? महाराज हात धुऊन बसले तेव्हा मी जवळ गेलो आणि सगळं सांगून टाकलं. लोक नाम नाही, ठिपके मोजत होते, महाराज.

महाराज उठले, मंडपात गेले आणि भिंतीसमोर उभे राहिले. आम्ही मागं. भगवानरावांचा चेहरा पडलेला. महाराजांनी बोट उचललं. मोजलं. मध्येच थांबले, 'च्च' केलं, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा ते पोट धरून हसायलाच लागले.

"चुकलो की हो अण्णाराव! पार चुकलो. पण सांगू का, एवढ्या वेळात मनात दुसरं काहीच आलं न्हाई. ना गाडी, ना घर, ना उद्याचं कीर्तन. एवढं मन लागावं म्हणून आम्ही घसा फोडून घेतो, आन ह्या पोरीनं नुसते ठिपके देऊन केलं! कोण म्हणलात ती? बोलवा इकडं."

पुनम आली, पाया पडली. महाराजांनी विचारलं, "खरं सांग बाई, किती हायत?"

"खरंच ठाऊक न्हाई महाराज. एकदा मोजायला गेले, मधीच विसरले."

"बरं केलंस," महाराज म्हणाले आणि पुन्हा बोट उचललं.

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, देवणी लांब होती. आत विठाबाई महाराजांना सांगत होत्या, "जोडठिपका एकच धरा." महाराज म्हणत होते, "दोन हायत ते बाई, नीट बघा." शिवप्रसाद साहेब मध्ये पडून म्हणाले, की कागदावर काय लिहायचं ते उद्या बघू, आधी मला ही रांग पुरी करू द्या.

पुनम मंडपाच्या पायरीवर खिचडीची वाटी घेऊन बसली होती, तोंडात घास, आणि आतलं भांडण ऐकून खुदखुदत होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती रस्त्यापलीकडे, नाल्याच्या कडेनं गेलेल्या लांबच लांब कोऱ्या भिंतीकडे बघत होती.

"मामा, ती भिंत कुणाची हो?"

"सरकारी," मी घाईघाईनं सांगितलं.

ती नुसती बघत राहिली. मी तिच्याकडं पाहिलं, मग त्या भिंतीकडं पाहिलं.

"अर्ज करू," मी म्हणालो.